'ओन्ली' कुठे ठेवायचा, 'च' कुठे सोडायचा

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतून या वेळी आलेल्या बऱ्याच पत्रांचा रोख एकाच शब्दाकडे आहे : 'ओन्ली'. शब्द पहिलीतल्या पोरालाही माहीत असतो. पण तो वाक्यात नेमका कुठे बसवायचा आणि मराठीतला 'च' दिसला की दरवेळी तोच वापरायचा का, इथे भल्याभल्यांचा गोंधळ होतो. पत्रं थोडी आटोपशीर करून देत आहोत. इंग्रजी वाक्यं देवनागरीतच दिली आहेत. ती मोठ्याने वाचावीत, कारण या शब्दाचं निम्मं काम आवाजातल्या जोरावर चालतं.

प्रश्न : मी मूळचा भुसावळचा, सध्या पुण्यात नोकरीला आहे. परदेशी सहकाऱ्यांशी बोलताना 'आय ॲम फ्रॉम भुसावळ ओन्ली', 'आय विल डू इट टुडे ओन्ली' अशी वाक्यं आपोआप तोंडात येतात. समोरचा क्षणभर थांबतो आणि पुन्हा विचारतो. मग अडतं कुठे?
– एक वाचक, भुसावळ

उत्तर : अडतं ते 'च'पाशी. 'मी भुसावळचाच' म्हणताना तुम्हाला कशाची मर्यादा सांगायची नसते. ज्या गावाचं बोलणं चाललंय त्याच गावचा, एवढा जोर द्यायचा असतो. 'ओन्ली'ला हा जोर देता येत नाही. तो एकच काम करतो, मर्यादा घालण्याचं : एवढंच, जास्त नाही, हाच, दुसरा नाही. त्यामुळे तुमचं पहिलं वाक्य ऐकणाऱ्याला 'फक्त भुसावळचा' असं ऐकू येतं आणि आणखी कुठला असायला हवा होता, हे त्याला कळत नाही. दुसरं वाक्य जास्त नुकसान करणारं आहे. 'आजच करतो' असं सांगायला तुम्ही 'टुडे ओन्ली' म्हणता आणि त्याला समजतं, 'फक्त आज करीन, उद्यापासून नाही.'

ही सवय एकट्या मराठी माणसाची नाही. हिंदीतला 'ही' आणि गुजरातीतला 'ज' हेही आपल्या 'च'सारखेच शब्दाच्या पाठीशी लागतात, म्हणून देशभर असं इंग्रजी बोललं जातं. भाषेच्या अभ्यासकांनी भारतीय इंग्रजीचं एक वैशिष्ट्य म्हणून त्याची नोंदही केली आहे. आपसात बोलताना त्यात गैर काही नाही. परदेशी माणूस, नोकरीची मुलाखत आणि लेखी व्यवहार या तीन ठिकाणी मात्र ते टाळावं.

कसोटी सोपी आहे. 'च' काढा आणि त्या शब्दाच्या आधी 'फक्त' ठेवून बघा. 'डब्यात दोनच कळण्याच्या भाकरी आहेत' याचं 'फक्त दोन भाकरी आहेत' केलं तरी अर्थ तोच राहतो, म्हणजे इथे 'ओन्ली' चालेल. 'तो येणारच' याचं 'तो फक्त येणार' केलं की अर्थ मोडतो. इथे 'ओन्ली' नको.

मग अशा ठिकाणी काय म्हणायचं? 'च' जे काम करत असेल त्या कामाचा शब्द शोधायचा. 'तोच टीसी पुन्हा आला' इथे 'च' ओळख पटवतो, म्हणून 'द सेम टीसी'. 'मीच त्याला सांगितलं' इथे तो माणसाकडे बोट दाखवतो, म्हणून 'आय वॉज द वन हू टोल्ड हिम'. 'इथेच थांब' म्हणजे 'वेट राइट हिअर'. 'आत्ताच जेवलो' म्हणजे 'आय हॅव जस्ट ईटन'. 'तो येणारच' म्हणजे 'ही इज बाउंड टु कम'. 'तो आलाच नाही' याला 'ही नेव्हर टर्न्ड अप' बरोबर बसतं. 'भरीत फारच छान झालंय' यातल्या 'च'साठी 'रिअली' पुरे. आणि 'तो आहेच तसा' याचं 'ही इज लाइक दॅट ओन्ली' न करता 'दॅट्स जस्ट हाऊ ही इज' करावं.

तुमच्या दोन वाक्यांपैकी दुसऱ्याला नुसतं 'आय विल डू इट टुडे' पुरतं. जोर हवा असेल तर 'टुडे' ठासून म्हणा. पहिल्यालाही 'आय ॲम फ्रॉम भुसावळ' एवढंच पुरे. समोरच्याने आधी भुसावळचं नाव काढलं असेल आणि 'अहो, मीही तिथलाच' असं म्हणायचं असेल, तर 'आय ॲम फ्रॉम भुसावळ मायसेल्फ' हे अगदी अस्सल इंग्रजी आहे.

प्रश्न : 'गाडी नऊलाच गेली' याचं भाषांतर आम्ही 'द ट्रेन लेफ्ट ओन्ली ॲट नाइन' असं केलं. सर म्हणाले, अर्थ बरोबर उलटा झाला. 'कालच आला' याला तर 'ओन्ली यस्टरडे' चालतं, मग इथे का नाही?
– महाविद्यालयीन विद्यार्थी, चाळीसगाव

उत्तर : सरांचं बरोबर आहे. या शब्दात फसायची सर्वांत मोठी जागा हीच आहे.

प्लॅटफॉर्मवर उभं राहून विचार करा. 'गाडी नऊलाच गेली' हे कोण म्हणतं? जो सव्वानऊला धापा टाकत आला आणि ज्याला वाटलं होतं की गाडी साडेनऊपर्यंत मिळेल. म्हणजे मराठीतला 'च' वेळेला लागला की 'अपेक्षेपेक्षा लवकर' असं सांगतो. 'द ट्रेन लेफ्ट ओन्ली ॲट नाइन' हे मात्र आठपासून ताटकळत बसलेला माणूस म्हणतो. इंग्रजी 'ओन्ली' इथे म्हणतो, नऊ वाजले तेव्हाच गेली, त्याआधी नाही. म्हणजे उशीर झाला.

तुमच्या वाक्याचं बरोबर भाषांतर 'द ट्रेन हॅड ऑलरेडी लेफ्ट बाय नाइन' असं होईल. आणि 'लेफ्ट ओन्ली ॲट नाइन' याला मराठीत 'च' अजिबात लावू नका. तिथे आपला 'कुठे' येतो : 'नऊ वाजता कुठे गाडी सुटली.' हा 'कुठे' जागा विचारत नाही, वाट बघून थकल्याचं सांगतो. 'दुपारी दोनला कुठे लाइट आली' म्हणजे 'द पॉवर केम बॅक ओन्ली ॲट टू.' 'नॉट अंटिल टू' म्हटलं तरी तोच अर्थ.

आता 'कालच'. इथे मोजणी आजपासून मागे जाते. 'ओन्ली' म्हणतो, अंतर एवढंसंच आहे, एकाच दिवसाचं. म्हणून 'ही केम ओन्ली यस्टरडे' म्हणजे अगदी अलीकडे आला. मराठी आणि इंग्रजी दोघंही इथे एकाच दिशेला बघतात, म्हणून भाषांतर जमून जातं.

तिसरी गोष्ट घड्याळाची. 'इट इज ओन्ली नाइन' म्हणजे 'आत्ताशी नऊ वाजलेत', म्हणजे अजून वेळ आहे. हेच 'नऊ' आणि हाच 'ओन्ली', पण 'लेफ्ट ओन्ली ॲट नाइन' मध्ये उशीर आणि 'इज ओन्ली नाइन' मध्ये निवांतपणा. क्रियापद 'इज' आहे की घडलेली घटना आहे, हे आधी बघितलं तर चूक होत नाही.

प्रश्न : केळीच्या व्यापाराच्या कार्यालयात मी पत्रव्यवहार बघते. इंग्रजी मेलमध्ये 'ओन्ली' कधी आधी, कधी शेवटी लिहिला जातो आणि मग फोन करून खुलासा करावा लागतो. काही पक्का नियम आहे का?
– एक वाचक, रावेर तालुका

उत्तर : लेखी भाषेसाठी आहे : ज्याला मर्यादा घालायची, त्याच्या लगेच आधी 'ओन्ली' ठेवायचा. मराठीत ही काळजी घ्यावी लागत नाही, कारण 'च' शब्दालाच चिकटलेला असतो आणि वाक्य कसंही फिरवलं तरी त्याच्याबरोबर जातो. 'ओन्ली' सुटा असतो. तो एक घर सरकला की अर्थही सरकतो.

तुमच्याच कामातलं एक वाक्य घेऊ : 'द ट्रेडर पेड माय अंकल टेन थाउजंड ऑन फ्रायडे.' व्यापाऱ्याने शुक्रवारी माझ्या काकांना दहा हजार दिले.

'ओन्ली' सर्वांत आधी आला, 'ओन्ली द ट्रेडर पेड', तर व्यापाऱ्यानेच दिले, बाकी कोणी नाही. 'पेड ओन्ली माय अंकल' केलं तर काकांनाच दिले, शेजारच्या शेतकऱ्याचे राहिले. 'ओन्ली टेन थाउजंड' म्हणजे दहा हजारच, ठरले होते जास्त. 'ओन्ली ऑन फ्रायडे' म्हणजे शुक्रवारीच दिले. आणि मघाच्या उत्तरात सांगितलं तसं, इथे 'शुक्रवार उजाडला तेव्हा कुठे दिले' अशी उशिराची तक्रारही ऐकू येऊ शकते. आणि एक जागा जपण्यासारखी : 'माय ओन्ली अंकल'. 'माय' आणि 'अंकल' यांच्या मध्ये शिरला की तो क्रियाविशेषण राहत नाही, विशेषण होतो. अर्थ होतो, मला एकच काका आहेत. पैशाचा आणि त्या 'ओन्ली'चा काही संबंध उरत नाही.

'द ट्रेडर ओन्ली पेड' हे क्रियापदाआधीचं स्थान लेखी व्यवहारात सर्वांत धोक्याचं. वाचणारा त्याला पुढच्या कोणत्याही शब्दाशी जोडू शकतो. वाक्याच्या शेवटचा 'ओन्ली'ही असाच. 'वी सेंड ग्रीन बनानाज टु दिल्ली ऑन फ्रायडे ओन्ली' यात शुक्रवारचीच मर्यादा आहे की सगळ्या बेताची, ते कळत नाही. आकड्याच्या बाबतीत आणखी एक : 'वी कॅन लोड ओन्ली टू ट्रक्स' बरोबर, बिलावर 'टू ट्रक्स ओन्ली' चालेल, पण 'टू ओन्ली ट्रक्स' कधीच नाही.

मेल पाठवण्याआधी वाक्यातला 'ओन्ली' शोधा, त्याच्या लगेच पुढचा शब्द बघा आणि मनात त्या शब्दाला 'च' लावा. हवं तेच मराठी वाक्य तयार झालं तर पाठवा.

प्रश्न : शाळेत आम्ही शिकवत आलो की 'आय ओन्ली एट टू भाकरीज' चूक आणि 'आय एट ओन्ली टू भाकरीज' बरोबर. पण इंग्रजी मातृभाषा असलेली माणसं सर्रास पहिल्या प्रकारे बोलताना ऐकतो. आम्ही चुकीचं शिकवलं का?
– निवृत्त शिक्षक, अमळनेर

उत्तर : नाही सर, लिहिण्यासाठी तुम्ही शिकवलेलं चांगलंच होतं. फक्त पहिल्या वाक्याला 'चूक' म्हणता येणार नाही. बोलताना 'ओन्ली' क्रियापदाआधी ठेवणं ही इंग्रजीची जुनी, नैसर्गिक चाल आहे. फाउलर यांनी १९२६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या इंग्रजी वापराच्या कोशातसुद्धा, अर्थ स्पष्ट असेल तिथे या जागेवरून बोलणाऱ्याला टोकू नये, अशीच भूमिका घेतली आहे.

बोलणारा जागेऐवजी आवाज वापरतो. 'आय ओन्ली एट टू भाकरीज' म्हणताना 'टू' वर जोर आला की ऐकणाऱ्याला 'दोनच' कळतं. 'भाकरीज' वर जोर आला की 'भाकरीच, भाजी नाही' असं कळतं. कागदावर हा जोर उमटत नाही, म्हणून तिथे जागा महत्त्वाची. 'वी ओन्ली टेस्ट सॉइल फॉर मेंबर्स' या छापील वाक्याचे तीन अर्थ निघतात : फक्त तपासतो, उपाय सांगत नाही; फक्त माती तपासतो, पाणी नाही; फक्त सभासदांची तपासतो. असं वाक्य मुलांपुढे ठेवलं तर नियम का आहे ते त्यांना सांगावं लागत नाही.

क्रियापदाआधी ठेवायचं तरी साहाय्यक क्रियापद असेल तर त्याच्या नंतर : 'आय हॅव ओन्ली सीन इट वन्स', 'वी कॅन ओन्ली वेट'. 'इज', 'आर', 'वॉज' एकटे असतील तरी नंतरच : 'दे आर ओन्ली चिल्ड्रन.'

प्रश्न : चेकवर अक्षरी रक्कम लिहून पुढे 'ओन्ली' लिहायची पद्धत आहे. नाही लिहिलं तर चेक परत येतो का? मराठीत लिहिताना 'फक्त' लिहावं की 'मात्र'?
– किराणा दुकानदार, धुळे

उत्तर : 'ओन्ली' लिहिलाच पाहिजे असा कायदा नाही आणि तेवढ्यावरून चेक बाद होत नाही. पण लिहावाच, कारण तो रकमेला घातलेलं कुंपण आहे. 'फाइव्ह थाउजंड' लिहून पुढे मोकळी जागा सोडली तर त्यात 'नाइन हंड्रेड' घुसवता येतं. 'फाइव्ह थाउजंड ओन्ली' नंतर घुसवायला काही उरत नाही. १८८१ च्या पराक्राम्य संलेख अधिनियमाच्या, म्हणजे चेक-हुंडीच्या कायद्याच्या, १८ व्या कलमानुसार आकडी आणि अक्षरी रकमेत फरक पडला तर अक्षरी रक्कम धरली जाते. म्हणून कुंपण अक्षरांनाच हवं.

लिहिण्याची रीत अशी : छापील 'रुपीज' किंवा 'रुपये' नंतर जागा न सोडता सुरुवात करा, शब्दांत फार अंतर ठेवू नका, 'ओन्ली' सर्वांत शेवटी आणि उरलेल्या ओळीवर आडवी रेघ. पैसे असतील तर 'ओन्ली' पैशांच्याही नंतर : 'टू थाउजंड फोर हंड्रेड अँड पैसे फिफ्टी ओन्ली'. रुपयांनंतर एकदा आणि पैशांनंतर एकदा असा दोनदा लिहू नये. चूक झाली तर खोडून वर लिहिण्यापेक्षा दुसरा चेक फाडा. क्लिअरिंगला खाडाखोड चालत नाही. डाव्या कोपऱ्यात दोन तिरप्या रेघांमध्ये लिहितात त्या 'अकाउंट पेयी ओन्ली' मधला 'ओन्ली'ही कुंपणच घालतो : पैसे ज्याचं नाव आहे त्याच्या खात्यातच जातील, काउंटरवर रोख मिळणार नाहीत.

मराठीत 'फक्त' आणि 'मात्र' दोन्ही चालतात. 'फक्त' अरबीतून फारसीमार्गे आलेला, 'मात्र' संस्कृतातला. 'मात्र'ची एक गंमत बघण्यासारखी आहे. 'पाच हजार मात्र' इथे तो मर्यादा घालतो आणि 'मी मात्र गेलो नाही' इथे वाक्याला वळण देतो. 'ओन्ली'लाही अशीच दुसरी बाजू आहे. बोलण्यातल्या इंग्रजीत 'आय वुड हॅव कम, ओन्ली माय बाइक ब्रोक डाउन' असं वाक्य येतं, तिथे 'ओन्ली' म्हणजे 'पण'. आपणही म्हणतोच ना, 'आलो असतो, फक्त गाडी बंद पडली.'

प्रश्न : मी बारावीला आहे. 'ओन्ली आफ्टर…' ने सुरुवात करून वाक्य बदला, असं आलं की माझं उत्तर चुकतं. 'नॉट ओन्ली… बट ऑल्सो' मध्येही एक गुण जातो. नेमकं काय बघायचं?
– एक विद्यार्थिनी, शहादा

उत्तर : तुला 'तेव्हा कुठे' माहीत आहे, म्हणजे अर्थ माहीतच आहे. 'पाऊस झाला तेव्हा कुठे त्यांनी कपाशी लावली' हे वाक्य इंग्रजीत 'ओन्ली आफ्टर द रेन केम डिड दे सो कॉटन' असं होतं. आता त्याची जुळणी बघ.

मूळ वाक्य : 'दे सोड कॉटन आफ्टर द रेन केम.' आधी मुख्य वाक्य कोणतं ते ठरव : 'दे सोड कॉटन'. 'आफ्टर द रेन केम' हा वेळ सांगणारा तुकडा. तो जसाच्या तसा उचल आणि 'ओन्ली' लावून पुढे आण. त्याच्या आत काहीही बदलायचं नाही. मग मुख्य वाक्यात कर्त्याच्या आधी साहाय्यक क्रियापद आण. ते मूळ वाक्यात नसेल तर काळाप्रमाणे 'डू', 'डझ' किंवा 'डिड' घे. 'डिड' आला की भूतकाळ त्यानेच उचलला, म्हणून 'सोड' चं 'सो' कर. दोन ठिकाणी गुण जातात : 'डिड दे सोड' असं लिहिलं की, किंवा उलटापालट चुकीच्या तुकड्यात केली की, म्हणजे 'ओन्ली आफ्टर डिड द रेन कम…'. उलटायचं ते मुख्य वाक्य.

मूळ वाक्यात 'शुड', 'कॅन', 'विल' असेल तर 'डिड' लागतच नाही, तेच शब्द पुढे येतात. आपल्याकडे ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्यावरच पेरणी करा असा सल्ला दिला जातो. तो असा लिहिता येईल : 'ओन्ली आफ्टर सेव्हंटी फाइव्ह टु अ हंड्रेड मिलिमीटर्स ऑफ रेन शुड यू सो.' आणि 'ओन्ली' कर्त्यालाच लागला असेल तर काहीही उलटायचं नाही : 'ओन्ली फार्मर्स नो दिस.'

'नॉट ओन्ली… बट ऑल्सो' म्हणजे आपलं 'नुसती पपईच नाही, तर मिरचीही'. हा तराजू आहे. एका पारड्यात नाम असेल तर दुसऱ्यातही नाम हवं, क्रियापद असेल तर क्रियापद. 'ही ग्रोज नॉट ओन्ली पपयाज बट ऑल्सो चिलीज' बरोबर. 'ही नॉट ओन्ली ग्रोज पपयाज बट ऑल्सो चिलीज' मध्ये एकीकडे 'ग्रोज' आणि दुसरीकडे 'चिलीज', म्हणून तुझा गुण जातो. क्रियापदं जोडायची असतील तर 'ही नॉट ओन्ली ग्रोज पपयाज बट ऑल्सो सेल्स देम'. वाक्य 'नॉट ओन्ली' ने सुरू केलं तर वरची उलटापालट इथेही लागते : 'नॉट ओन्ली डझ ही ग्रो पपयाज, बट ही ऑल्सो सेल्स देम.' उलटायचं ते पहिल्याच भागात, 'बट' नंतर नाही.

प्रश्न : मुलाच्या इंग्रजी बायोडाटात 'ही इज ओन्ली सन' लिहिलं होतं. भाच्याने 'सिंगल सन' सुचवलं. बरोबर कोणतं?
– एक पालक, चोपडा

उत्तर : दोन्ही नकोत. 'सिंगल' म्हणजे अविवाहित असाही अर्थ होतो, त्यामुळे 'सिंगल सन' वाचून भलताच समज होईल. 'ही इज ओन्ली सन' मध्ये एक छोटा शब्द राहिला आहे. 'ही इज ॲन ओन्ली सन' लिहा. 'ओन्ली' स्वराने सुरू होतो म्हणून 'ॲन'. आईवडिलांच्या नावांसह लिहायचं असेल तर 'द ओन्ली सन ऑफ…'. मुलाला बहिणी असल्या तरी हे बरोबर आहे, कारण मर्यादा 'मुलगा' या शब्दाला आहे. बहीण-भाऊ कोणीच नसेल तर 'ॲन ओन्ली चाइल्ड'.

इथला 'ओन्ली' विशेषण आहे आणि या शब्दाचा मूळ अर्थ असाच आहे. जुन्या इंग्रजीत 'आन' म्हणजे 'एक'. त्याला 'लिक' म्हणजे 'सारखा' जोडून 'आन्लिक' झाला, त्याचाच 'ओन्ली'. 'अलोन'सुद्धा 'ऑल' आणि 'वन' यांतूनच आला. आपल्या 'एकुलता', 'एकटा' या शब्दांत जसा 'एक' दिसतो तसाच.

प्रश्न : इंग्रजी गोष्टीत 'ही रॅन टु द स्टेशन ओन्ली टु फाइंड द ट्रेन गॉन' असं वाक्य आहे. मुलगी म्हणते, 'तो गाडी गेलेली शोधायलाच पळाला.' मला पटत नाही, पण समजावता येत नाही.
– गृहिणी, यावल

उत्तर : तुम्हाला पटत नाही ते योग्यच आहे. इथला 'टु' हेतू सांगत नाही, शेवटी पदरात काय पडलं ते सांगतो. मराठीत यासाठी आपलं 'तर काय' आहे : 'तो धावत स्टेशनवर गेला, बघतो तर काय, गाडी निघून गेलेली.' निराशा हा या रचनेचा भाग आहे. चांगलं काही हाती लागलं असेल तर इंग्रजीत 'ओन्ली टु' सहसा येत नाही.

अशाच आणखी काही जोड्या मुलीला वाचनात भेटतील. 'यू हॅव ओन्ली टु आस्क' म्हणजे 'तुम्ही नुसतं म्हणायचा अवकाश'. 'वी ओन्ली जस्ट कॉट द बस' म्हणजे 'बस जेमतेम मिळाली'. 'आय ॲम ओन्ली टू ग्लॅड टु हेल्प' म्हणजे 'अगदी आनंदाने मदत करीन'; इथे 'फक्त' घातलं तर अर्थ साफ बिघडतो. 'इफ ओन्ली' मात्र तिला नीट समजावा, कारण दोन शब्दांची अदलाबदल झाली की तो वेगळाच होतो.

'ओन्ली इफ इट रेन्स' म्हणजे 'पाऊस पडला तरच', ही अट. 'इफ ओन्ली इट वुड रेन' म्हणजे 'पाऊस पडेल तर किती बरं होईल', ही आस. आणि 'इफ ओन्ली इट हॅड रेन्ड इन जून' म्हणजे 'जूनमध्ये पडला असता तर!', ही हळहळ. हळहळीत 'हॅड' येतो, मराठीत 'असता' येतो. दोन्हीकडे गेलेल्या वेळेसाठी क्रियापद आणखी एक पाऊल मागे जातं.

प्रश्न : दुकानासमोर इंग्रजी पाटी लावायची आहे. रंगवणाऱ्याने 'ओन्ली पार्किंग फॉर कस्टमर्स' असं लिहून आणलं. चालेल का?
– दुकानदार, दोंडाईचा

उत्तर : बदलून घ्या. त्याचा अर्थ 'ग्राहकांना पार्किंगच मिळेल, दुसरं काही नाही' असा होतो. पाटीवर 'ओन्ली' शेवटी आणि ज्यांच्यासाठी जागा आहे त्यांना लागून लिहितात : 'पार्किंग फॉर कस्टमर्स ओन्ली' किंवा आटोपशीर 'कस्टमर पार्किंग ओन्ली'. 'लेडीज ओन्ली', 'स्टाफ ओन्ली', औषधावरचं 'फॉर एक्सटर्नल यूज ओन्ली' ही सगळी याच रीतीने लिहिलेली असतात. रंगवणाऱ्याने 'फक्त पार्किंग' हा क्रम डोक्यात धरून शब्दाला शब्द लावला असावा. मराठी ओळ वर मोठ्या अक्षरांत घ्या, 'पार्किंग फक्त ग्राहकांसाठी', आणि इंग्रजी तिच्याखाली. मराठीतही 'फक्त' हा 'ग्राहकांसाठी' च्या लगेच आधी आहे ना, तेवढं रंग चढण्याआधी बघून घ्या.